पिशवीतला पाव

घरी वडापाव करायचा म्हणून नागापुरातला एखादा गृहस्थ बाजाराला निघाला, तर त्याची यादी साधारण अशी असते: बटाटे, हिरव्या मिरच्या, आले, लसूण, कोथिंबीर, बेसन, चटणीसाठी सुके खोबरे, लाल तिखट आणि शेंगदाणे, शेवटी पाव. उकडणे, कुटणे, तळणे हे सारे घरी होते. पाव मात्र बेकरीतूनच येतो, आणि त्याचा इतिहासही इतरांहून निराळा आहे.

मलिक अहमदने निजामशाही स्थापली १४९० साली. कोलंबस अटलांटिक ओलांडून गेला १४९२ साली. म्हणजे नागापूरला लागून असलेले अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) ज्या राज्याची राजधानी झाले, ते उभे राहिले तेव्हा या मुलखात बटाटा, मिरची, भुईमूग यांतले काहीच नव्हते. तिखटाचे काम मिरी, पिंपळी आणि आले भागवीत. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. पुढे निजामशाहीच्याच चौल बंदरात त्यांनी ठाणे वसवले. मुर्तजा निजामशहाने १५७०-७१ मध्ये त्याला वेढा घातला, पण ते हाती आले नाही. अमेरिकेतली ही पिके इकडे आली ती प्रामुख्याने पोर्तुगीजांमुळे. 'बटाटा' हा शब्द आपण त्यांच्याकडून घेतला, 'पाव'ही त्यांच्याकडूनच.

या दोन शब्दांचे नशीब मात्र सारखे नाही. बटाटा तर उपवासालाही चालतो! साबुदाण्याची खिचडी पाहा: साबुदाण्याचा कंद, बटाटा, मिरची, शेंगदाणा; एकादशीच्या ताटातले हे चौघेही मूळचे अमेरिकेतले. त्याच घरांत पाव कित्येक पिढ्या उंबऱ्याबाहेर राहिला. विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि ते पाणी प्यालेले सारे गाव बाटले, अशा कथा वसई-गोव्याकडे सांगितल्या जात. तसे खरोखर घडले का, हा प्रश्न गौण आहे. लोकांना ते पटत होते, हे महत्त्वाचे.

तेव्हा आक्षेप परकेपणाला नव्हता. बटाटा मातीतून निघतो आणि घरच्या चुलीवर शिजतो. पाव दुसऱ्याने मळलेला, दुसऱ्याच्या भट्टीत भाजलेला, आणि तो दुसरा बहुधा ख्रिस्ती, मुसलमान वा इराणी. सोवळ्याची हरकत पिठाला नव्हती, हाताला होती. आपल्या घरांत भट्टी नव्हती म्हणून पाव रुजला नाही, असेही म्हणता येईल. पण भट्टी नसलेल्या याच घरांत चुरमुरे-फुटाणे बिनतक्रार बाहेरून येत होते.

दादर स्थानकाबाहेर १९६६ च्या सुमारास वडा पावात गेला, असे सांगतात. गिरणीची पाळी गाठणाऱ्याला हात कुणाचा हे विचारायला सवड नव्हती. नागापूरची औद्योगिक वसाहतही पाळ्यांवरच चालते. गाडीवरची ती चव घरी आणू पाहणारा आपला गृहस्थ बेकरीच्या फळीवरची लादी बोटाने दाबून पाहतो आणि एवढेच विचारतो, "आजचा आहे ना?"