अंड्याच्या बलकातील प्रतिपिंडे : एका दुर्लक्षित शोधाचा इतिहास आणि परभणी जिल्ह्यातील पशुपालन

प्रस्तावना

रोगप्रतिकारशास्त्राच्या इतिहासात घोड्याला जे स्थान मिळाले ते कोंबडीला मिळाले नाही. मुलांना होणारा घटसर्प, धनुर्वात व सर्पदंश यांवरील रक्तरस शतकाहून अधिक काळ प्रामुख्याने घोड्याच्या रक्तापासून तयार होत आला. वस्तुतः प्रतिकारक्षम केलेल्या कोंबडीच्या अंड्यातून सस्तन प्राण्याला संरक्षण देता येते, हे 1893 मध्येच सिद्ध झाले होते. हा शोध जवळजवळ नऊ दशके बाजूला का राहिला आणि परभणीसारख्या कृषिप्रधान जिल्ह्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. निबंधाची पद्धती ऐतिहासिक व विश्लेषणात्मक असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे.

शोधाची पार्श्वभूमी

डिसेंबर 1890 मध्ये बर्लिन येथे एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी एक महत्त्वाचा निष्कर्ष मांडला. धनुर्वाताविरुद्ध प्रतिकारक्षम झालेल्या सशाचा रक्तरस उंदराला टोचल्यास उंदरालाही संरक्षण मिळते, असा तो निष्कर्ष होता. 1892 मध्ये पाउल एर्लिश यांनी मातेच्या दुधातून पिलांना प्रतिकारक्षमता मिळते हे दाखविले. फेलिक्स क्लेम्परर यांनी 1893 मध्ये हाच विचार पक्ष्यांना लागू केला. त्यांनी कोंबड्यांना धनुर्वाताविरुद्ध प्रतिकारक्षम केले व त्यांच्या अंड्यांच्या बलकाने उंदरांचे रक्षण होते हे सिद्ध केले. पिलू अंड्यातून बाहेर येते तेव्हा त्याला दूध पाजणारी आई नसते. म्हणून कोंबडी आपली प्रतिपिंडे आधीच बलकात साठवून ठेवते. सस्तन माता जे काम नाळेतून वा दुधातून करते, तेच काम येथे बलक करतो.

मुंबईतील परंपरा

महाराष्ट्रात या विद्येचे केंद्र मुंबई होते. वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी 1897 मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगची लस तयार करून ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा 1899 मध्ये परळच्या जुन्या राजभवनात गेली आणि 1925 मध्ये तिला हाफकिन संस्था हे नाव मिळाले. याच प्रयोगशाळेत विसाव्या शतकाच्या आरंभी जॉर्ज लॅम्ब यांनी दाखविले, की फ्रान्समधील आल्बेर काल्मेत यांचा नागविषाविरुद्धचा रक्तरस घोणसाच्या विषावर चालत नाही. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषांविरुद्ध एकत्रित औषध हवे, या भूमिकेमागे हेच सूत्र आहे. ते औषधही घोड्यापासूनच मिळविले गेले.

विलंबाची कारणे

कोंबडी मागे पडण्याची कारणे प्रामुख्याने व्यावहारिक दिसतात. घोड्याचे रक्त एका वेळी काही लिटर मिळते आणि ते गोठल्यावर रक्तरस सहज वेगळा होतो. बलक मात्र स्निग्ध पदार्थांनी भरलेला असतो. त्यातून शुद्ध प्रतिपिंडे काढण्याची सोपी रीत दीर्घकाळ उपलब्ध नव्हती. शिवाय एकदा संस्थांनी तबेले उभारले, कर्मचारी शिकविले व मानके ठरविली, की नव्या मार्गाची निकड उरत नाही. हे दुसरे कारण पहिल्याइतकेच प्रभावी असावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पुनरुज्जीवन

1969 मध्ये लेस्ली व क्लेम यांनी या प्रतिपिंडाला ‘आयजीवाय’ हे नाव सुचविले. 1980 मध्ये आल्फ्रेड पोल्सन व सहकाऱ्यांनी पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या साहाय्याने ते बलकातून वेगळे करण्याची सुलभ पद्धत मांडली. 1990 मध्ये अमेरिकेत सापाच्या व विंचवाच्या विषाविरुद्ध, तर 2007 मध्ये भारतीय संशोधकांनी फुरशाच्या विषाविरुद्ध अशी प्रतिपिंडे तयार केली. 1996 मध्ये बर्लिन येथे झालेल्या युरोपीय कार्यशाळेने प्राण्यांच्या वेदना कमी होतात म्हणून या पद्धतीची शिफारस केली. कारण येथे रक्त काढावे लागत नाही, केवळ अंडी गोळा करावी लागतात.

तथापि मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. एका अंड्यात साधारण 50 ते 100 मिलिग्रॅम प्रतिपिंडे असतात आणि त्यांपैकी विशिष्ट रोगजंतूविरुद्धची प्रतिपिंडे सुमारे 2 ते 10 टक्केच असतात. शिरेतून द्यावयाचे झाल्यास कोंबडीचे प्रथिनही मानवी शरीराला परकेच असते. म्हणून आतड्यातील रोगांवर तोंडावाटे देण्याचा मार्ग अधिक आशादायक ठरला. 1992 मध्ये जपानी संशोधकांनी नवजात वासरांना विशिष्ट ई-कोलाय जंतूविरुद्धची बलकाची भुकटी पाजून प्राणघातक हगवणीपासून त्यांचे रक्षण होते हे दाखविले.

परभणीच्या संदर्भात

परभणी येथे 1972 मध्ये मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय पुढे नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी जोडले गेले. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी वासरू म्हणजे उद्याचा बैल वा उद्याची दुभती गाय. त्याचे मरण हे त्या घराचे दीर्घकालीन नुकसान असते. गाईच्या नाळेतून प्रतिपिंडे वासरापर्यंत पोहोचत नाहीत. ती चिकातूनच मिळतात, आणि ती रक्तात शोषून घेण्याची आतड्याची क्षमता पहिल्या 24 तासांत संपत जाते. अशा वेळी चीक खरवसासाठी काढून घेतला, तर वासराचा तो पहिला वाटा बुडतो.

येथे एक गैरसमज टाळणे आवश्यक आहे. घरच्या गावरान कोंबडीचे कोणतेही अंडे वासराला पाजून हे संरक्षण मिळत नाही. कोंबडीला त्या विशिष्ट जंतूविरुद्ध लस टोचलेली असावी लागते; उकडल्याने प्रतिपिंडे नष्ट होतात आणि कच्च्या अंड्यातून इतर जंतूंचा संसर्ग होण्याची भीती असते.

निष्कर्ष

1. बलकातील प्रतिपिंडांचा शोध रक्तरस-चिकित्सेइतकाच जुना आहे. तंत्राची उणीव व रूढ झालेली उत्पादनव्यवस्था यांमुळे तो मागे पडला.
2. तोंडावाटे वासरांचे संरक्षण हे या पद्धतीचे मराठवाड्याला सर्वांत जवळचे क्षेत्र आहे; मात्र ती चिकाला पूरक आहे, पर्याय नव्हे.
3. अंडी, वासरे आणि पशुवैद्यकीय महाविद्यालय या तिन्ही गोष्टी जिल्ह्यात आहेत. स्थानिक रोगजंतू ओळखून त्यांविरुद्ध अंडी तयार करणे व त्यांची शास्त्रीय चाचणी घेणे, हे अशा महाविद्यालयाच्या आवाक्यातील काम आहे.
4. तोपर्यंत शेतकऱ्याला सांगण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट साधी आहे : पहिला चीक वासराचा, खरवस त्यानंतर.