पितळी भांडे आणि तान्ह्याचे दूध



भिवंडीतील आपल्या जुन्या घरांच्या फडताळांत तांब्या-पितळेची भांडी अजूनही जपलेली आढळतात. कल्हईवाल्याची हाळी मात्र आता क्वचितच कानी पडते. या भांड्यांशी निगडित अशा एका बालरोगाचा इतिहास नव्या पिढीस ठाऊक असावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’ हे त्या रोगाचे नाव. १८८७ साली कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी त्याचे वर्णन केले. साधारण एक ते तीन वर्षांच्या मुलाचे पोट फुगे, यकृत वाढून कठीण होई, पुढे कावीळ होई. रुग्णालयात दाखल केलेली बहुतेक मुले काही महिन्यांतच दगावत. एकाच घरातील भावंडांनाही तो होई, त्यामुळे रोग आनुवंशिक असल्याचा संशय बळावे.

व्यापारात तूट आली की आपण खातेवही पानोपान तपासतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी तेच केले. अशा मुलांच्या यकृतात तांबे साचते, हे तोवर उमगले होते. ते येते कोठून? त्यांनी रुग्ण बालकांच्या आणि इतर बालकांच्या घरच्या दुधाची व भांड्यांची चौकशी केली. १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आईच्या दुधाऐवजी लवकर सुरू केलेले, पितळी भांड्यात तापवून ठेवलेले गाई-म्हशीचे दूध हे संभाव्य कारण होते. पितळेतील तांबे दुधात उतरून त्यातील प्रथिनाला चिकटते आणि बाळाच्या पोटात जाते. ज्या मायेने माता दूध तापवीत, त्याच दुधातून घात होत होता!

ऑस्ट्रियाच्या टायरोल भागातही १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके अशाच रोगाने गेली. तेथे काही घराण्यांत आनुवंशिक दोष होता, तरीही तांब्याची भांडी बदलल्यावर रोग थांबला.

आपल्याकडे पेनिसिलामाइन या औषधाने वेळीच आणलेली काही मुले वाचली. परंतु खरा बदल स्वयंपाकघरात झाला. स्टेनलेस स्टील घरोघरी पोहोचले, डॉक्टरांचा सल्ला माता-पित्यांपर्यंत गेला आणि १९९० च्या दशकात हा रोग बालरुग्ण विभागांत दुर्मीळ झाला.

आज तांब्या-पितळेच्या भांड्यांची आवड पुन्हा वाढते आहे. वडिलोपार्जित भांडी अवश्य जपावीत, पण तान्ह्याचे दूध त्यांत तापवू वा साठवू नये, ही नम्र विनंती. पहिले सहा महिने तर आईचे दूधच पुरेसे आहे. त्याला कोणतेच भांडे लागत नाही.