लहान विद्यापीठाचे टेनिस : ट्रिनिटीचा दाखला

अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडेचा इतिहास बहुधा मोठ्या विद्यापीठांच्या फुटबॉलच्या अनुरोधाने लिहिला जातो. ज्या खेळाला तिकिटांचे उत्पन्न जवळजवळ नाही, त्या टेनिसमध्ये एका लहान संस्थेने राष्ट्रीय विजेतेपद कसे मिळविले आणि पुढे कोणता मार्ग पत्करला, हा प्रश्न म्हणूनच विचारार्ह ठरतो. टेक्सस राज्यातील ट्रिनिटी विद्यापीठ हे त्याचे ठळक उदाहरण होय.

१८६९ साली प्रेस्बिटेरियन पंथीयांनी स्थापिलेली ही संस्था १९४२ मध्ये सॅन अँटोनियो येथे आली. १९५२ मध्ये ती एका जुन्या दगडखाणीच्या जागेवर उभारलेल्या नव्या आवारात गेली. त्याच दशकात क्लॅरेन्स मेब्री यांच्याकडे टेनिसचे मार्गदर्शन आले व ते १९७४ पर्यंत राहिले. त्यांचा शिष्य चक मॅकिन्ली याने १९६३ साली विंबल्डनचे एकेरीचे अजिंक्यपद एकही सेट न गमावता जिंकले. त्याच वर्षी अमेरिकेने डेव्हिस चषकाच्या वाटेवर मुंबईत भारताचा ५–० असा पराभव केला होता. अखेरीस चषक जिंकणाऱ्या त्या संघाचा मॅकिन्ली हा आधारस्तंभ होता.

या यशाचे मर्म संघाच्या आकारात शोधावे लागते. फुटबॉलला खेळाडूंचा मोठा ताफा पोसावा लागतो. टेनिसच्या संघास सहा एकेरी व तीन दुहेरी सामने पुरतात. म्हणजे मोजक्या शिष्यवृत्त्या आणि एक साक्षेपी मार्गदर्शक एवढ्या भांडवलावर लहान संस्था बलाढ्यांशी झुंजू शकते. शिवाय १९७६ पर्यंत राष्ट्रीय सांघिक विजेतेपद वैयक्तिक सामन्यांतील गुणांच्या बेरजेवर ठरत असे. दोन-तीन असामान्य खेळाडूंचे मोल त्यामुळे फार वाढे. १९७२ साली ट्रिनिटीने स्टॅनफर्डला ३६–३० असे मागे टाकले, तेव्हा एकेरीच्या अंतिम सामन्यात डिक स्टॉक्टन व ब्रायन गॉटफ्रीड हे तिचेच दोघे खेळाडू समोरासमोर होते. १९७७ पासून संघाविरुद्ध संघ अशी पद्धत आली. त्या वर्षी ट्रिनिटी अंतिम फेरीत पोहोचली खरी, परंतु स्टॅनफर्डकडून ४–५ अशी हरली. आता संघाच्या तळाच्या खेळाडूचा विजयही अग्रणीच्या विजयाइतकाच मोलाचा झाला होता.

तथापि खरा पेच द्रव्याचा व तत्त्वाचा होता. १९७३ मध्ये राष्ट्रीय संघटनेने संस्थांच्या तीन श्रेणी पाडल्या. तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देण्यास मज्जाव आहे. ट्रिनिटीचे इतर खेळ त्या श्रेणीत गेले. टेनिस मात्र बराच काळ पहिल्या श्रेणीत राहिले. एकाच आवारात एका खेळाडूला खेळाबद्दल साहाय्य मिळे, दुसऱ्यास मिळत नसे. कीर्ती की समानता, या द्वंद्वात अखेर समानतेचा पक्ष वरचढ ठरला व टेनिसही तिसऱ्या श्रेणीत आले.

ही माघार म्हणावी काय? सन २००० मध्ये ट्रिनिटीच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी तिसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळविले. त्यांत खेळाच्या शिष्यवृत्तीचा वाटा नव्हता. १९७२ चे यश अधिक झळाळते खरे; परंतु विद्यापीठाच्या मूळ प्रयोजनाशी २००० चे यश अधिक सुसंगत आहे. क्रीडेचा इतिहास लिहिताना केवळ चषक मोजून भागत नाही. ते कोणत्या नियमांनी व कोणाच्या खर्चाने आले, हेही पाहावे लागते.