शनिवारची पाळी आणि बेकारभत्ता

कोकणात आपल्या वाडवडिलांना शनिवार तेली म्हणत. घाणा आपला, बैल आपला. शनिवारी तो बंद ठेवायला कोणा साहेबाची परवानगी लागत नसे. पुढे मुंबईत नोकऱ्या धरल्या आणि शनिवार मालकाच्या हाती गेला. अमेरिकेत हाच शनिवार बेकारभत्त्याच्या निमित्ताने सुप्रीम कोर्टात कसा गेला, ते सांगतो.

१९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यानंतर राज्याराज्यांनी बेकारी विमा सुरू केला. आमच्या न्यू जर्सीने १९३६ साली कायदा केला. इथे मालकाबरोबर कामगाराच्या पगारातूनही हप्ता कापतात. अशी राज्ये थोडी आहेत. पण हप्ता भरला की भत्ता मिळालाच असे नाही. नोकरी आपण होऊन सोडलेली नसावी, काम शोधत असावे आणि योग्य काम आल्यास नाकारू नये. इस्राएलमध्ये लिश्केच्या खिडकीपाशी उभे राहिलेल्यांना हे नवे नाही. सारी मेख ‘योग्य’ या शब्दात आहे.

साउथ कॅरोलायनातील स्पार्टनबर्ग येथे अडेल शर्बर्ट नावाची बाई ३५ वर्षे कापडगिरणीत होती. १९५७ साली ती शनिवार पाळणाऱ्या अॅडव्हेंटिस्ट ख्रिस्ती पंथात गेली. आठवड्याचे काम पाच दिवसांचे होते, तोवर ठीक चालले. १९५९ साली गिरणीने सहा दिवस केले. शनिवार नाकारला म्हणून तिला काढले. आणखी तीन गिरण्यांत विचारले, तिथेही शनिवार होताच. राज्याने भत्ता नाकारला: योग्य काम सबळ कारणाशिवाय नाकारले म्हणून! त्याच राज्यात रविवार पाळणाऱ्यांना मात्र कायद्याचे संरक्षण होते.

१७ जून १९६३ रोजी कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी तिच्या बाजूने निकाल दिला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ब्रेनन आमच्या शेजारच्या न्यूअर्कचे. लोक धर्माचे खोटे निमित्त सांगून भत्ता उकळतील, ही राज्याची धास्ती. कोर्टाला तसा पुरावा दिसला नाही. त्या भागात या पंथाचे सुमारे १५० लोक होते. शनिवार सोडून काम न मिळालेले दोघेच.

भत्ता सढळ असला तर माणूस नवे काम घ्यायला थोडा वेळ लावतो, असे अर्थशास्त्री म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. पण भत्त्याचा आधार नसलेल्या माणसाला कोणतीही पाळी, कोणताही पगार पत्करावा लागतो, आणि हे मुकादमालाही ठाऊक असते.

मलाही ते भोवले. सत्तरच्या दशकात जर्सी सिटीत आलो. शाळेत लागण्याआधी एका गोदामात हिशेब लिहीत होतो. मुकादमाने शनिवार सांगितला आणि मी निमूट गेलो, हिवाळाभर. नाही म्हटले तर नोकरी जाईल आणि भत्ताही, अशी माझी समजूत. दर आठवड्याला हप्ता कापलेली चिठ्ठी खिशात होती आणि निकाल लागून दहा वर्षे उलटली होती! मला कोणी सांगितले नाही. मीही विचारले नाही. घरी दिवे लागलेले असत आणि मी दुसऱ्या दिवशीचा डबा भरून ठेवत असे.

आता आपली नातवंडे इथल्या गोदामांत पाळ्या करतात. मी त्यांना एवढेच सांगतो, की शनिवारवरून वाद झाला तर रागाच्या भरात राजीनामा लिहून देऊ नका. नोकरी सबळ कारणाशिवाय आपण होऊन सोडली असे ठरले, तर न्यू जर्सीत पुन्हा निदान ८ आठवडे काम करून आठवड्याच्या भत्त्याच्या १० पट कमावल्यावरच दार उघडते.