शाळेचा संघ आणि उपनगरांतला मुलगा

हिवाळ्याच्या दिवसांत सकाळीं दहाच्या सुमारास आपण मुंबईच्या आझाद मैदानावरून पायीं निघालांत, तर एकाच वेळीं कितीतरी क्रिकेटचे सामने चाललेले आपणांस दिसतील. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या यष्टिरक्षकाला पाठ लावून उभा असतो, आणि परका चेंडू पायाशीं आला कीं तो फेकून देऊन पुन्हा आपल्या खेळाकडे वळतो. ह्या गर्दींत झाडाच्या सावलीला उभी असलेली मंडळी काय बोलते, तें जरा कान देऊन ऐकावें. "यंदा ह्यांच्याकडून सलामीला कोण?" "तो डावखुरा." "तो तर गतवर्षीं दुसऱ्या शाळेंत होता!" "होता, ह्यांनीं नेला." बोलणाऱ्यांत कोणी पालक असतो, कोणी माजी विद्यार्थी, तर कोणी निवृत्त गृहस्थ, ज्यांचें मैदानावरील एकाही मुलाशीं नातें नसतें. तरी 'नेला' हा शब्द उच्चारतांना त्या सर्वांच्या स्वरांत थोडी तक्रार, थोडा मत्सर आणि थोडें कौतुक ह्यांचें मिश्रण असतें. मुंबईच्या शालेय क्रिकेटचा पुष्कळसा इतिहास ह्या एका शब्दांत सामावला आहे, आणि तोच आज आपणांपुढें थोडक्यांत मांडण्याचा माझा विचार आहे.

शाळेचा किंवा कॉलेजचा संघ हा मोठा चमत्कारिक पदार्थ आहे. त्याचें नांव कायम राहतें. पण त्यांतील गडी चार-पांच वर्षांत बदलून जातात. मुलें वाढतात, शाळा सोडतात, आणि कालचा कप्तान आज प्रेक्षकांत येऊन उभा राहतो. तरीहि दोन शाळांमधील चुरस पिढ्यान् पिढ्या टिकते. म्हणून पाठीराख्यांचे प्रश्न दरवर्षीं दोनच असतात: कोण गेला, आणि त्याच्या जागीं कोण आला? ही चिंता केवळ आपल्याकडची नाहीं. अमेरिकेंत विद्यापीठांच्या फुटबॉल-संघांसाठीं होतकरू मुलें मिळवणें हा एक मोठा व्यवहारच होऊन बसला आहे. खेळांतील प्राविण्यासाठीं विद्यार्थिवेतन देण्यास तेथील विद्यापीठांच्या क्रीडासंघटनेनें १९५६ सालीं उघड मान्यता दिली. कोणता मुलगा कोणत्या विद्यापीठास सही देतो, तो दिवसहि ठरलेला असतो, आणि पाठीराखे तो सणासारखा पाळतात. आपल्याकडे असा दिवस नाहीं. येथें सारा व्यवहार मैदानाच्या कडेला, शिक्षक आणि बाप ह्यांच्या दोन शब्दांत उरकतो.

ह्या गोष्टीचा उगम पाहावयाचा तर आपणांस जुन्या मुंबईच्या कोटांत जावें लागेल. पारशी मंडळींनीं १८४८ सालींच येथें क्रिकेटचा क्लब काढला होता. पुढें इंग्लंडच्या संघाचे एके काळचे कप्तान लॉर्ड हॅरिस हे १८९० ते १८९५ पर्यंत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. त्यांच्याच नांवाची हॅरिस शील्ड ही आंतरशालेय स्पर्धा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सुरू झाली, आणि पुढें लहान वयाच्या मुलांसाठीं जाइल्स शील्ड आली. पहिल्या काळांत ह्या स्पर्धा बहुतांशीं कोट, धोबीतलाव व गिरगांव ह्या भागांतील शाळांच्या होत्या, हें साहजिकच होतें. मैदानें तेथें होतीं, जिमखाने तेथें होते आणि खेळ शिकवणारेहि तेथेंच होते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हीं तेव्हां शहराबाहेरचीं गांवें. बोरिवलीपर्यंत विजेची गाडी १९२८ सालीं धांवूं लागली. परंतु बोरिवली आणि मुलुंड महापालिकेच्या हद्दींत आलीं तीं १९५७ सालीं. म्हणजे उपनगरांतल्या मुलास गाडी आधीं मिळाली, शहर मागाहून मिळालें. मैदानासाठीं तर त्याला त्याहून अधिक वाट पाहावी लागली.

लोकवस्ती उत्तरेकडे सरकली, तशी क्रिकेटची विद्याहि सरकली. धोबीतलावच्या सेंट झेवियर्स शाळेनें सुनील गावसकर दिला. दादरच्या किंग जॉर्ज शाळेनें दिलीप वेंगसरकर दिला, तर बालमोहन विद्यामंदिरानें संदीप पाटील. माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेची कथा तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १९७६ सालीं जाइल्स शील्डच्या अंतिम सामन्यांत ही शाळा सेंट मेरीजकडून हरली. दुसऱ्याच वर्षीं रवि शास्त्री ह्याच्या नेतृत्वाखालीं तिनें ती ढाल आपल्या इतिहासांत प्रथमच जिंकली. दादर युनियनकडून खेळलेले बी. डी. देसाई तेथें मुलांना शिकवीत असत. पराभव, त्याची रुखरुख आणि वर्षभरांत त्याची भरपाई, असा हा सरळ क्रम आहे. आपल्याच अंगणांत झाड वाढवावें आणि त्याचेंच फळ खावें, ही शालेय खेळाची जुनी कल्पना तेथें पूर्णपणें सफल झाली.

परंतु ह्याच्या पुढच्या दशकांत निराळी पद्धत प्रबळ झाली, आणि तिचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते म्हणजे शिवाजी पार्कचे रमाकांत आचरेकर. १९३२ सालीं जन्मलेले व २०१९ सालीं निवर्तलेले हे गुरु मुलाची पारख झाली कीं त्याच्या शाळेचाहि विचार करीत. सचिन तेंडुलकर हा वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचा विद्यार्थी. त्याच्या हातांतील गुण पाहून आचरेकरांनीं त्याला दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरांत जाण्याचा सल्ला दिला, कारण मोठ्या सामन्यांची संधि त्या संघांत होती. पुढें प्रवासाची दगदग वाचावी म्हणून तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंच्या घरीं राहिला. विनोद कांबळी कांजूरमार्गचा. अमोल मुझुमदार खारच्या बी. पी. एम. शाळेंतून आला. म्हणजे दादरच्या एका शाळेच्या नांवाखालीं जो संघ उभा राहिला, त्यांत उपनगरांचा वांटा केवढा मोठा होता, हें आपल्या ध्यानांत येईल.

ह्या संघानें १९८८ च्या फेब्रुवारींत आझाद मैदानावर जें केलें, तें सर्वश्रुत आहे. हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यांत सेंट झेवियर्सविरुद्ध कांबळीनें नाबाद ३४९ आणि चौदा वर्षांच्या तेंडुलकरनें नाबाद ३२६ धांवा काढल्या. दोघांची अभंग भागी ६६४ धांवांची झाली. दोन गडी बाद ७४८ वर डाव सोडण्यांत आला आणि प्रतिपक्ष १४५ धांवांत आटोपला. ह्या आंकड्यांचें कौतुक पुष्कळांनीं केलें आहे. मला मात्र त्या दिवसांतील दुसरीं दोन चित्रें अधिक बोलकीं वाटतात. पायांस पॅड बांधून, पुढें फलंदाजीला जावयाचें म्हणून अमोल मुझुमदार दोन दिवस बसून होता. त्याची पाळी आलीच नाहीं. पुढें रणजी सामन्यांत त्यानें धांवांच्या राशी घातल्या, पण भारताच्या संघांतहि त्याची पाळी आली नाहीं. त्याच मुझुमदारच्या मार्गदर्शनाखालीं भारतीय महिलांच्या संघानें २०२५ च्या नोव्हेंबरांत विश्वचषक जिंकला. दुसरें चित्र प्रतिपक्षाचें. सेंट झेवियर्सचा जो मुलगा त्या उन्हांत गोलंदाजी करीत राहिला, तो साईराज बहुतुले. चौदा-पंधरा वर्षांच्या वयांत असा मार खाल्लेला मुलगा खेळ सोडून देता, तर त्याला कोणी बोल लावला नसता. तो टिकला, आणि २००१ सालीं भारतातर्फे कसोटी सामना खेळला.

आतांपर्यंत उपनगरांतला मुलगा दादरला जात होता. ह्यानंतर शाळाच उपनगरांत उभ्या राहिल्या आणि मुलगा नेण्याची कला त्यांनींहि आत्मसात केली. बोरिवलीचें उदाहरण ह्या बाबतींत बोधप्रद आहे. १९९९ सालीं एका क्रिकेट-शिबिरांत दिनेश लाड ह्या शिक्षकांनीं एक बारा वर्षांचा मुलगा पाहिला. त्याचे आईवडील डोंबिवलीस एका खोलींत राहत. वडिलांची मिळकत बेताची, म्हणून मुलगा बोरिवलीस आजीआजोबा आणि काका ह्यांच्यापाशीं वाढत होता. रेल्वेच्या दोन निराळ्या फांट्यांवरचीं हीं दोन ठिकाणें. आईबापांची भेट व्हावयाची ती सुट्टीच्या दिवशीं. लाड ह्यांनीं त्यास आपल्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलमध्यें येण्यास सुचविलें. तेथील फी परवडणार नाहीं, असें उत्तर मिळालें. तेव्हां लाड ह्यांनीं शब्द टाकून ती माफ करवली, आणि चार वर्षें त्या मुलास एक पैहि भरावी लागली नाहीं. मुलगा आला तो मुख्यतः ऑफ-स्पिन टाकणारा म्हणून, आणि फलंदाजीला जाई आठव्या क्रमांकावर. त्याच्या बॅटींतील गुण ओळखून लाड ह्यांनीं त्याला सलामीस पाठविलें, आणि सलामीच्या पहिल्याच सामन्यांत त्यानें शतक केलें. तो मुलगा म्हणजे रोहित शर्मा. २०१४ सालीं एकदिवसीय सामन्यांत २६४ धांवा काढणारा आणि २०२४ सालीं भारतास वीस षटकांचा विश्वचषक मिळवून देणारा कप्तान घडला, त्याच्या मुळाशीं ही फीमाफी आहे.

दुसरा मुलगा तर प्रतिपक्षांतूनच आला. बोरिवलीच्या उत्तरेस पन्नासाहून अधिक किलोमीटरांवर असलेल्या पालघरचा शार्दूल ठाकूर लाड ह्यांच्या शाळेविरुद्ध खेळला, आणि त्याचा खेळ पाहून त्यांनीं त्यालाच मागणी घातली. रोजचा एवढा प्रवास मुलाला झेपणार कसा, ही बापाची शंका अगदीं रास्त होती. लाड ह्यांनीं तिचें उत्तर आपल्या परीनें दिलें: मुलाला स्वतःच्या घरीं ठेवून घेतलें. त्याच शाळेकडून २००६ सालीं हॅरिस शील्डच्या सामन्यांत शार्दूलनें एका षटकांत सहा षटकार मारले. पुढें २०२१ च्या जानेवारींत ब्रिस्बेनच्या कसोटींत त्यानें सात गडी बाद केले, आणि वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ धांवांची भागी करून हातचा जाऊं पाहणारा सामना सांवरला. दिनेश लाड ह्यांना २०२२ चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, तेव्हां बोरिवलीच्या त्या घराचीहि आठवण अनेकांस झाली असेल.

येथवरची हकीकत ऐकून मुलगा नेणें ही निर्दोष गोष्ट आहे, असें आपणांस वाटेल. पण नाण्याची दुसरी बाजू दाखविल्याशिवाय इतिहास पुरा होत नाहीं. २०१३ च्या नोव्हेंबरांत, पुन्हा आझाद मैदानावर, पुन्हा हॅरिस शील्डमध्यें, वांद्र्याच्या रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेच्या पृथ्वी शॉ ह्यानें ३३० चेंडूंत ५४६ धांवा केल्या. तो लहानाचा मोठा झाला विरारला. त्याच शाळेच्या सर्फराज खाननें २००९ सालीं ह्याच स्पर्धेंत ४३९ धांवा काढल्या होत्या. शॉच्या त्या सामन्यांत रिझवीच्या एकूण धांवा ९९१ झाल्या, तर प्रतिपक्षाचा पहिला डाव शंभराच्या आंत संपला होता. तो प्रतिपक्ष म्हणजे सेंट फ्रान्सिस डि'असिसी, तीहि बोरिवलीचीच शाळा. कोटाच्या शाळेनें उपनगरास हरविण्याचा काळ केव्हांच मागें पडला होता; आतां उपनगरच उपनगराला असें तुडवूं लागलें. चुरस म्हणजे तोडीस तोड. निवडक मुलें थोड्याच शाळांत गोळा झालीं, तर बाकीच्यांच्या वांट्याला चेंडू शोधून आणण्याचें काम तेवढें उरतें. त्या दिवशीं दिवसभर क्षेत्ररक्षण करणारे अकरा जण हेहि कोणाचे तरी मुलगे होते, आणि त्यांचीं नांवें कोठल्याहि विक्रमाच्या पुस्तकांत नाहींत.

मग ह्या प्रथेविषयीं आपण काय म्हणावें? मला असें वाटतें कीं, संघाला मुलगा मिळाला कीं नाहीं, एवढ्यावरून तिचें मोल ठरवूं नये. मुलाला शाळा मिळाली कीं नाहीं, हेंहि पाहावें. बोरिवलीच्या त्या मुलांच्या बाबतींत फी, वर्ग आणि निवारा ह्यांची काळजी कोणीतरी आपल्या शिरावर घेतली होती. जेथें अशी काळजी आहे, तेथें नेलेला मुलगा खेळांत पुढें अपयशी ठरला, तरी त्याचें नुकसान झालें असें म्हणतां येणार नाहीं. जेथें ती नाहीं, तेथें ढाल जिंकली तरी एका मुलाचें बालपण आगगाडींत खर्चीं पडलें, एवढाच हिशेब उरतो. आणि ज्या शाळेनें त्या मुलास पहिल्यानें बॅट धरावयास शिकविलें, तिचेंहि नांव विजयाच्या दिवशीं कोणीतरी घ्यावें, एवढी अपेक्षा गैर नव्हे.

आजहि पहांटे विरार, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या फलाटांवर स्वतःच्या उंचीएवढी पिशवी खांद्यास लावून उभा असलेला मुलगा आपणांस दिसेल. गर्दीला त्या पिशवीचा त्रास होतो, आणि कोणी त्याच्यावर खेंकसतोहि. अशा वेळीं त्याला थोडी जागा करून द्यावी. आणि पुढें केव्हां मैदानाच्या कडेला कोणी म्हणाला, "ह्याला त्यांनीं नेला," तर त्यास एवढेंच विचारावें: नेला खरा, पण संध्याकाळीं त्याला घरीं कोण पोंचवतो?