दप्तरातील कुणबीण

गुलाम म्हटला की आमची दृष्टी अमेरिकेकडे वळते. तेथे फ्रेडरिक डग्लस १८३८ साली दास्यातून निसटला, त्याने नवे आडनाव धारण केले आणि १८४५ साली आपली कहाणी स्वतःच्या हाताने लिहिली. जोतीराव फुल्यांनीही १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांनाच अर्पण केला. पण आमच्याकडे दास्य नव्हते काय?

होते, आणि उघड होते. पेशवाईच्या कागदांत 'कुणबीण' म्हणजे नेहमीच कुणब्याची बायको नव्हे. विकत घेतलेली, स्वारीत धरून आणलेली, किंवा बदकर्माच्या आरोपावरून सरकारने दास्यात टाकलेली स्त्री, हाही त्या शब्दाचा अर्थ आहे. दळणकांडण आणि शेणगोठा तिच्याकडे. कागदावर तिची किंमत येते. तिचे मनोगत येत नाही.

मलिक अंबराची गोष्ट वेगळी. हबसाणात जन्मलेला चापू अनेकदा विकला गेला. 'अंबर' हे नावही मालकाने दिलेले. तो निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, म्हणून त्याचे मूळ नाव आज आम्हांस ठाऊक आहे. कुणबिणीचे कोण टिपून ठेवणार?

हे काम ऐतिहासिक कादंबरीने करावे. आमच्या कादंबऱ्यांत दासी येते, पंखा ढाळते, चिठ्ठी पोचविते आणि पडद्याआड जाते. कादंबरीकार म्हणेल, कागद मिळत नाहीत. खरे आहे, पण कागद नसणे हाच तिच्या दास्याचा पुरावा होय! टोनी मॉरिसन यांनी १८५६ सालच्या एका पळून गेलेल्या दासीच्या हकीकतीवरून १९८७ साली कादंबरी उभी केली. मात्र असे लिहिताना दोन पथ्ये पाळावीत. तिच्या तोंडी आजची भाषणे घालू नयेत. आणि 'तिला लेकीसारखे वागवीत' या गोड समजुतीने किंमतीचा आकडा झाकू नये.

१८४३ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात दास्याचा कायदेशीर आधार गेला, तेव्हा नागपुरावर भोसल्यांचे राज्य होते. म्हणून हा प्रश्न पुण्याच्या दप्तरावर ढकलून आम्हां नागपूरकरांस मोकळे होता येणार नाही. १९५६ साली याच नगरीत लाखो माणसांनी आपली ओळख आपण ठरविली. ज्यांना ती संधी कधीच मिळाली नाही, त्यांचे नाव-गाव निदान आम्ही विचारले पाहिजे.