गाडी कुणाची, जबाबदारी कुणाची?

पार्सल घेऊन येणारा मुलगा आता गोव्यात खेडोपाडी पोचला आहे. त्याच्या दुचाकीने कुणाला ठोकरले तर भरपाई कोणी द्यायची? प्रश्न नवा वाटतो, पण तो दुचाकीहूनही जुना आहे. मी वकील नव्हे, साधा सरकारी कारकून. मात्र जुने निकाल वाचण्याची मला गोडी आहे.

१८३४ साली लंडनच्या बिशप्सगेट भागात घोडागाडीखाली सापडून एका पादचाऱ्याचा पाय मोडला. मालक म्हणाला, माझी गाडी त्या भागात जातच नाही, नोकर परस्पर मित्राला भेटायला गेले होते. न्यायमूर्ती पार्क यांनी ज्यूरीला सांगितले की कामावर असताना नोकराने वाट थोडी वाकडी केली तरी मालक जबाबदार. निव्वळ स्वतःच्या मौजेसाठी निघाला असेल तर मालक सुटला. जखमीला ३० पौंड मिळाले.

१८६२ मध्ये एका बसकंपनीने बचाव केला, की शर्यत लावू नये असे आम्ही चालकांना छापील बजावले होते. तो टिकला नाही. चालक कंपनीचेच काम करत होता, एवढे पुरेसे ठरले.

१८६९ चा खटला तर थेट माल पोचवणाऱ्या गाडीचा. दारूच्या व्यापाऱ्याचा गाडीवान माल देऊन परतत होता. सोबतच्या कारकुनाने (आमचाच जातभाई!) स्वतःच्या कामासाठी गाडी भलतीकडे वळवायला लावली आणि वाटेत एकजण चिरडला. मालक सुटला.

गोव्यात १८७० पासून पोर्तुगिजांची १८६७ ची नागरी संहिता लागू होती. तिच्यातही नोकराने काम करताना केलेल्या नुकसानीला मालक आणि नोकर दोघांनाही जबाबदार धरले होते.

भारतात १९३९ च्या मोटर वाहन कायद्याने त्रयस्थांसाठीचा विमा सक्तीचा केला. पुढे १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागपूरहून पांढुर्ण्याला जाणाऱ्या मोटारीच्या अपघाताचा निकाल दिला. गाडी कंपनीची, चालवणारा तिचाच व्यवस्थापक. झाडावर आदळून आतला प्रवासी गेला. न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरले.

या सगळ्या खटल्यांत गाडी मालकाची होती, चालवणारा नोकर होता. आज दोन्ही धागे तुटले आहेत. दुचाकी त्या मुलाचीच, हप्ते त्याचेच. २०१९ च्या दुरुस्तीनुसार, १ एप्रिल २०२२ पासून, चूक सिद्ध न करताही मृत्यूस ५ लाख आणि गंभीर दुखापतीस अडीच लाख मिळतात. पण देणे गाडीमालकाचे किंवा त्याच्या विमा कंपनीचे. विमा खासगी वापराचा असेल, तर धंद्यासाठी गाडी चालवली म्हणून विमा कंपनी हरकत घेऊ शकते. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० (अंमल २१ नोव्हेंबर २०२५) गिग कामगाराची दखल घेते, पण त्याची व्याख्याच पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेरचा अशी करते.

म्हणजे जखमीने दाद मागायची ती महिन्याची मिळकत जेमतेम असलेल्या मुलाकडे. मला हे पटत नाही. कुठे जायचे, किती वेळात जायचे, पैसे किती मिळणार, हे फोनवरून कंपनी ठरवते. मग तो 'स्वतःच्या मौजेसाठी' निघाला असे कसे म्हणायचे? जुन्या न्यायाधीशांची कसोटी इथेही लावायला हवी.

तोवर एवढेच करा: असा अपघात झाल्यास पार्सल कुठल्या कंपनीचे, ऑर्डर क्रमांक काय, मुलगा त्या क्षणी कामावर होता का, हे पंचनाम्यात आणि जबाबात जरूर नोंदवून घ्या. फाइलीत हे नसेल, तर कंपनीचे नाव पुढे आणणे फार कठीण जाते.